गांधीलमाशी : 4 वाजून 10 मिनिटे

इच्छापोर, हजिऱ्याचा रस्ता. माणूस कल्पनेतला, पण त्याच्या अंगात जे होते ते खरे. समजा, अमळनेरहून आलेला एक मजूर बांधकामावर जुन्या फळ्या उचलतोय.

गेल्या वर्षी. त्याला एकदा गांधीलमाशी चावली होती. हात सुजला, उतरला, तो विसरला. त्वचेतल्या मास्ट पेशींवर मात्र त्या विषाला ओळखणारी आयजीई प्रतिद्रव्ये जाऊन बसली. घटिका तेव्हापासूनच भरते आहे.

4:10. मनगटावर डंख. विषातले मास्टोपॅरन मास्ट पेशींतून हिस्टामाइन सांडवते. वेदनेचा संदेश मज्जारज्जूकडे निघतो आणि वाटेत त्याच मज्जातंतूच्या शेजारच्या फांद्यांतून त्वचेकडे उलटाही वळतो. मेंदूला विचारायला थांबत नाही. फांद्यांच्या टोकांतून सीजीआरपी सुटते, ते रक्तवाहिन्या रुंदावते. सबस्टन्स पी सुटते, ते आणखी मास्ट पेशी उघडू शकते. आणि उघडते कोणत्या दाराने? मास्टोपॅरनला चालते त्याच, एमआरजीपीआरएक्स2 नावाच्या. घरचा आणि चोर, दोघांना एकच दार.

4:13. गांध उठली, भोवती लाली पसरली. ही लाली मज्जातंतूंची करणी, हे थॉमस लुइस यांच्या 1927 च्या पुस्तकाने रुजवले. पुरावा कुष्ठरोगाच्या चट्ट्यात आहे: तंतू मेलेल्या जागी हिस्टामाइन टोचले तर गांध येते, लाली पसरत नाही. निदानासाठी ही चाचणी वापरली जाई.

4:16. तळवे खाजतात, पोटावर गांधी. आता खेळ मज्जातंतूंच्या हातचा राहिला नाही. विष रक्तात आहे आणि गेल्या वर्षीची आयजीई जागी झाली आहे. कुणीतरी चुना लावतो, कुणी ॲलर्जीची गोळी देतो. गोळीने खाज कमी होईल, पडणारा रक्तदाब सावरणार नाही.

4:20. आवाज घोगरा, छातीत घरघर. 108 ला फोन. डंखाने दगावलेल्यांच्या 2000 सालच्या ब्रिटिश अभ्यासात श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ होता 15 मिनिटे. हवे आहे मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन. ते इथे नाही.

4:23. तो आडवा होतो. रक्तवाहिन्या सैल, त्यांतले पाणी बाहेर झिरपतेय, नाडी हाताला लागत नाही.

4:24. “ऊठ भो, पाणी पी.” दोघे बगलेत हात घालून त्याला उभा करतात. उरलेसुरले रक्त पायांत उतरते. हृदयाकडे परतायला काही राहत नाही.