अनोळखी मिश्रधातूंची ओळख (घरगुती यंत्रशाळेतील)

भंगारातून आलेल्या धातूची जात प्रयोगशाळेविना ठरवण्याची रीत. उत्रोलीसारख्या (ता. भोर, जि. पुणे) गावात पडवीत लेथ चालवणाऱ्याच्या हाती ट्रॅक्टरचा तुटका शाफ्ट, कमानीचा पाटा, पंपाचे बुश असा माल येतो. त्याला ना प्रमाणपत्र, ना ग्रेड दाखवणारा सळईच्या टोकाचा रंग. तरीही तो ओळखता येतो, मात्र एकाच परीक्षेने नव्हे. सोनार कसोटीवर दागिन्याची रेघ ओढतो आणि शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची ओढून दोन्ही ताडतो. लोखंड-पितळेलाही हाच न्याय लावावा लागतो.

चुंबक हे पहिले साधन, आणि सर्वांत फसवे. ३०४ स्टेनलेसला ते लागत नाही, पण तेच स्टेनलेस थंड वाकवले की थोडे लागू लागते; ४१० स्टेनलेसला तर चांगलेच लागते. घनता अधिक भरवशाची. तुकडा हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलावा आणि पहिल्या वजनाला घटीने भागावे. ८५० ग्रॅमचा तुकडा पाण्यात १०८ ग्रॅमने हलका झाला तर घनता ७.८७ येते, म्हणजे बहुधा पोलाद. १०० ग्रॅमने झाला तर ८.५, म्हणजे पितळेची शक्यता. ॲल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम १.७४. हा शेवटचा फरक जिवाचा आहे, कारण मॅग्नेशियमचा पेटलेला कीस पाण्याने भडकतो. पण एमएस (सौम्य पोलाद) आणि ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद) घनतेने वेगळे निघत नाहीत. तिथे ग्राइंडरच्या ठिणग्या पाहाव्यात, त्याही अंधुक उजेडात आणि ठाऊक नमुना त्याच चाकावर शेजारी धरून. कार्बन कमी तर रेघ लांब व फुलोरा विरळ, कार्बन वाढला की फुलोरा दाट. बिडाची ठिणगी आखूड, तांबूस. तरीही शंका उरली तर लहान तुकडा चुंबक सोडीपर्यंत, त्याहून थोडा जास्त तापवून पाणी द्यावे. कानस घसरली तर कार्बन पुरेसा आहे.

हाती धरायचे एक्स-रे यंत्र काही सेकंदांत घटक सांगते, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. क्रोमियम-निकेलसाठी ते उत्तमच. पण कार्बन त्याला दिसत नाही, आणि ईएन ८ ला एमएसपासून वेगळे करतो तो मुख्यतः सुमारे ०.४ टक्के कार्बनच. मुरलेला टर्नर म्हणेल, चिप पाहूनच कळते. त्याचे ऐकावे, मात्र त्याची नजरही ठाऊक माल कापूनच घडलेली असते. खरा आक्षेप वेगळा आहे: या साऱ्या घरगुती परीक्षांतून कूळ कळते, ग्रेड नाही. ईएन १९ आणि ईएन २४ ही मिश्रपोलादे घरी खात्रीने वेगळे करता येत नाहीत. साध्या बुशाला किंवा स्पेसरला कूळ पुरते. वजन उचलायचा हूक, ट्रॉलीचा ॲक्सल यांना पुरत नाही. ते भंगारातून करूच नयेत, प्रमाणपत्राची सळई आणावी. तिचा उरलेला तुकडा मात्र टाकू नये. पंचाने ग्रेडचा ठसा मारून ठेवावा, पुढच्या वेळी ठिणग्या ताडायला तोच लागतो.