पोट तिचं, सही कुणाची?

मुखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर बायांच्या बैठका घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यातल्या कागदावर सही कुणी केली? उत्तरं ठरलेली असतात. "मालकानं." "सासूनं अंगठा दिला." कागदात काय लिहिलं होतं, असं विचारलं की हशा पिकतो. "ते कोण सांगतंय बाई आम्हाला!" एका बैठकीत एकजण हसली नाही. बाळंतपणानंतर आपल्याला तांबी बसवली आहे, हे तिला दोन वर्षांनी कळलं होतं. तोवर दुसरं मूल राहत नाही म्हणून ती देवऋषाकडे खेटे घालत होती.

हा विषय काढला की ऐकवलं जातं, 'संमती वगैरे परदेशी खूळ आहे, इथल्या अडाणी बायांना काय समजतं?' आमचं म्हणणं असं, की हा विचार आपल्या मातीतला आहे आणि आपल्याच महापुरुषांचा आहे.

1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ज्या विधवांना समाज विहिरीकडे ढकलत होता, त्यांना इथे सुरक्षित बाळंत होता येत होतं. मूल सोबत न्यायचं की गृहात ठेवायचं, हे त्या बाईच्या मर्जीवर सोडलं होतं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, मुंडण केलेल्या विधवेला, 'तुझा निर्णय तू घे' असं सांगणारी ही संस्था होती.

1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा होता. 1929 ला कायदा झाला, पण तो मुंबई इलाख्यातल्या कारखान्यांपुरता. आपला मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात.

खरा गाभा 1938 चा आहे. त्या वर्षी 10 नोव्हेंबरला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यात गरिबीचा मुद्दा होता, बाईच्या प्रकृतीचा होता, आणि त्याहून पुढचं एक तत्त्व होतं. मूल व्हावं की नको, हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावं. सभागृहाने ठराव फेटाळला. लोकसंख्या कमी करा म्हणणारे पुढे पुष्कळ आले. बाईला विचारा, असं त्यातले किती म्हणाले?

म्हणूनच पुढचं घडलं. बाबासाहेबांच्या विचारातलं 'नियमन' सरकारने उचललं आणि 'इच्छा' टाकून दिली. 1976 साली, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, इतकंच. नंतर शिबिरं आणि उद्दिष्टं बायांच्या अंगावर आली. 2014 साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या शिबिरांनंतर 13 बाया मेल्या. 2016 ला सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिरं बंद करा म्हणावं लागलं.

आणि आपल्या शेजारचं बीड? 2019 साली राज्य सरकारच्या समितीपुढे आकडा आला. 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. ऊसतोडीला जाणारे कोयते मुखेडच्या डोंगरपट्ट्यातूनही निघतात. पाळी आली तर खाडा, खाडा झाला तर दंड, उचल डोक्यावर. अशा बाईने 'हो' म्हटलं, तर त्याला संमती म्हणायचं का? ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याचा 'हो' ही सक्तीच असते. कारखान्यातल्या बाईला कायद्याने मिळणारी बाळंतपणाची पगारी रजा उसाच्या फडात आजही पोचलेली नाही.

कायदा काय सांगतो, तेही पाठ करून ठेवा. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सज्ञान बाईच्या वतीने तिच्या आईचीही संमती चालत नाही. जीव धोक्यात असेल तेव्हाचाच अपवाद. 1971 च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही.

डॉक्टर म्हणतात, कळा सुरू असताना समजावत बसायला वेळ कुठे असतो? बरोबर आहे. सिझेरियनने जीव वाचतात, आमचा त्याला विरोध नाही. पण त्याआधीचे नऊ महिने कुठे जातात? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. सिझर कधी लागतं, तांबी म्हणजे काय, ती नको असेल तर काय, हे त्या रांगेत, तिच्या बोलीत सांगता येतं. गोरमाटी बोलणाऱ्या बाईला गोरमाटीत सांगा. ती सही करू शकत नसेल तर अंगठा तिचाच घ्या, आणि आधी कागद वाचून दाखवा.

तोवर आपल्या बायांनी एक करावं. कागद पुढे आला की विचारायचं, "यात काय लिहिलंय?" चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी परवानगी मागून घेतलं नव्हतं. आपल्या देहाचा निर्णयही मागायची गोष्ट नाही.

जय भीम.