थर्मोकोलचं विमान आणि जागा बदललेला व्हॉल्व्ह

'घरी विमान बांधलं' असं कोणी सांगितलं, तर आपण आधी त्या माणसाकडे नीट बघू. अमेरिकेत मात्र हे रीतसर चालतं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलं असेल, तर विमान 'एक्स्परिमेंटल' म्हणून नोंदवता येतं.

या छंदाचा नूर पालटला तो बर्ट रुटान नावाच्या इंजिनिअरने. कॅलिफोर्नियातल्या मोहावे इथे त्याचं छोटंसं वर्कशॉप होतं. मे १९७५ मध्ये त्याचं 'व्हेरीईझी' उडालं आणि १९७९ मध्ये 'लाँग-ईझी'. दिसायला उलटीच विमानं. छोटा पंख पुढे, इंजिन आणि प्रोपेलर मागे!

खरी गंमत बांधणीत होती. पूर्वी गणपतीच्या मखरासाठी थर्मोकोल गरम तारेने कापायचे, ते आठवतंय? रुटानच्या विमानाचा पंख अगदी तसाच कापायचा. मग त्यावर काचतंतूंचं कापड इपॉक्सीत भिजवून थरावर थर द्यायचे. महागडे साचे नकोत, की पत्र्याला हजारो रिव्हेट नकोत. गॅरेज, नकाशे आणि चिकाटी एवढं पुरे. फक्त सूचना शब्दशः पाळायच्या. उदाहरणार्थ, युरेथेनचा फोम तारेने कापायचा नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो. तो सुरीने कोरायचा. वरून रंग पांढराच द्यायचा, कारण उन्हात तापलं की इपॉक्सी मऊ पडतं.

रुटान विमान विकत नव्हता, नकाशे विकत होता. आपल्या भाषेत, सोर्स कोड. शिवाय 'कॅनार्ड पुशर' नावाचं वार्तापत्र निघायचं. त्यात चुका, दुरुस्त्या, सक्तीचे बदल सगळं छापून यायचं. म्हणजे पॅचेसच की! पुढे कोर्टकचेरीच्या भीतीने त्याने १९८५ मध्ये नकाशे विकणं बंद केलं.

देखभालीचा नियमही मजेदार आहे. विमान बांधणारा अर्ज करून त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळवू शकतो. तर्क सरळ आहे : ज्याने थर दिले, त्याला आत काय आहे ते ठाऊक. धातूला तडा गेला तर बहुधा दिसतो, इथे थर आतल्या आत सुटतात. म्हणून मडकं घेताना वाजवून बघतो तसं नाण्याने ठोकून बघायचं. आवाज बद्द आला की समजायचं, आत गडबड आहे. पण विमान विकलं की तो परवाना नव्या मालकाकडे जात नाही, आणि बांधणाऱ्याच्या डोक्यातली माहितीही जात नाही.

इथे जॉन डेन्व्हर येतो. हो, 'टेक मी होम, कंट्री रोड्स'वाला. सुमारे २,७०० तासांचा अनुभव असलेला पायलट. त्याने जुनं लाँग-ईझी विकत घेतलं होतं. नकाशाप्रमाणे इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांमध्ये हवा. बांधणाऱ्याला इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या, म्हणून त्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला. हेतू चांगलाच होता. पण व्हॉल्व्हच्या खुणा लिहिलेल्या नव्हत्या, आणि इंधन किती उरलंय ते पुढच्या सीटवरून दिसत नव्हतं.

१२ ऑक्टोबर १९९७ ला उड्डाणापूर्वी मेकॅनिकशी याच विषयावर बोलणं झालं. मागचं बघायला मेकॅनिकने आरसा दिला. डेन्व्हर म्हणाला, गरज पडलीच तर ऑटोपायलट लावून व्हॉल्व्ह फिरवीन. इंधन भरायचं त्याने नाकारलं. थोड्याच वेळात विमान मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळलं. चौकशीचा निष्कर्ष असा : व्हॉल्व्हसाठी मागे वळताना लक्ष उडालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि ताबा सुटला. इंधन न भरणं हेही कारण ठरलं. व्हॉल्व्हची अडचणीची जागा, खुणांचा अभाव आणि या विमानाचं अपुरं प्रशिक्षण यांचीही नोंद झाली.

आपल्याकडे याला 'वर्कअराउंड' म्हणतात. अडचण दोघांनाही माहीत होती, पण त्या दिवसापुरती आरशावर भागवली गेली. कोणाचा तरी जुना कोड हातात आला, की आपणही अशीच ठिगळं लावतो. फरक एवढाच, की आपला सर्व्हर परत चालू करता येतो.

म्हणून जुनं घरबांधणीचं विमान घेणाऱ्याने आधी जमिनीवरच पट्टा बांधून बसावं आणि मान न वळवता प्रत्येक दांड्यापर्यंत हात पोचतो का ते बघावं. पोचत नसेल, तर आधी व्हॉल्व्ह हलवावा, विमान नंतर.