न संपणारा घाट: स्मॉल ब्लॉक इंजिन आणि बोट

शेवरोले कंपनीने १९५५ च्या मॉडेलमध्ये नवं व्ही-एट इंजिन आणलं. मुख्य अभियंता एड कोल. क्षमता २६५ घन इंच, म्हणजे साधारण ४.३ लिटर, आणि साध्या कार्बुरेटरवर ताकद १६२ हॉर्सपॉवर. ओतकाम पातळ, रॉकर पत्रा दाबून केलेले. त्यामुळे इंजिन हलकं आणि स्वस्त झालं. पुढे त्याच कंपनीची मोठी इंजिनं आली तेव्हा याला ‘स्मॉल ब्लॉक’ हे नाव चिकटलं. १९५७ साली फ्युएल इंजेक्शन लावून २८३ घन इंचातून २८३ हॉर्सपॉवर काढली गेली. १९६७ मध्ये ३५० घन इंचांचा प्रसिद्ध अवतार आला.

दरम्यान बोटींत वेगळीच घडामोड झाली. १९५९ साली व्होल्वो पेंटाने आणि १९६१ साली कार्ल कीकहेफरच्या मर्क्युरीने असा ड्राइव्ह बाजारात आणला, ज्यात इंजिन बोटीच्या मागच्या भागात आत बसतं आणि पंख्याचा पाय बाहेर पाण्यात लोंबतो. अशा जागेसाठी हलकं, स्वस्त आणि कुठेही सुटे भाग मिळणारं इंजिन हवं होतं. स्मॉल ब्लॉक आयतंच सापडलं.

पण गाडीतलं इंजिन उचलून बोटीत ठेवलं की काम झालं, असं नव्हतं. हायवेवर एका वेगाने चालणारी गाडी आपल्या ताकदीचा थोडाच हिस्सा वापरते, उतारावर तर इंजिन विश्रांतीच घेतं. पाण्यात उतार नाही. पंख्याला लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फेऱ्या दुप्पट, तर ताकद आठपट. भरलेला ट्रक खंबाटकी चढतोय आणि घाटमाथा कधी येतच नाही, अशी ती अवस्था. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी खालचा भाग मजबूत करत: क्रँकशाफ्टला चार बोल्टच्या कॅप, फोर्ज केलेले पिस्टन, मोठं ऑइल चेंबर, ऑइल कूलर. लाटेवरून बोट उडाली की पंखा हवेत मोकळा फिरतो आणि फेऱ्या एकदम चढतात. तेव्हा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची परीक्षा होते.

सर्वांत मजेदार गोष्ट कॅमशाफ्टची. रेसच्या गाडीत आत आणि बाहेर जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे राहतील असा कॅम लावतात. जास्त फेऱ्यांवर त्याने ताकद वाढते. कमी फेऱ्यांवर मात्र एक्झॉस्टमधला वायू उलटा ओढला जातो. गाडीत त्याने इंजिन फक्त घरघरतं. बोटीत एक्झॉस्ट थंड करायला त्यात पाणी सोडलेलं असतं. तेच पाणी सिलिंडरमध्ये येतं, व्हॉल्व्ह गंजतात, आणि पाणी जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. धक्क्यावर उभी असताना झोकात घरघरणारी बोट पाहिली की मला तिच्या मालकाची काळजी वाटते! समजदार मेकॅनिक सौम्य कॅम घालत आणि थोड्या हॉर्सपॉवरवर पाणी सोडत.

या मोहाचं मोल मला आसामच्या पोस्टिंगमध्ये कळलं. आमच्या पूर-मदतीच्या बोटींना लहान आउटबोर्ड इंजिनं होती, व्ही-एट नव्हे. तरी कायदा तोच. गढूळ पाण्यातली रेती थंड पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्याला खात असे, जलपर्णी तोंड बुजवत असे. एकदा छपरावरून उतरवलेली माणसं बोटीत असताना इंजिन तापून बंद पडलं, आणि प्रवाह आम्हाला विजेच्या तारांकडे नेऊ लागला. दोन जवानांनी वल्ह्यांवर बोट झाडाला लावली. रस्त्यावर बंद पडलेली गाडी कडेला घेता येते. त्या दिवसानंतर रोज संध्याकाळी प्रत्येक इंजिनाचा रबरी पंखा काढून बघायचा, अशी पद्धत आम्ही पाडली.

कारखान्यातून येणाऱ्या मरीन इंजिनांतही असाच बारकावा दिसतो. ब्लॉकचे प्लग लोखंडी नव्हे, पितळेचे. एअर फिल्टरच्या जागी ज्वाळा अडवणारी जाळी, कारण बोटीच्या तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने स्फोट करते. खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा, नाहीतर आत क्षार धरतात.

गाडीच्या ब्लॉकवरचं हे अवलंबन अर्धं शतक चाललं. २०१४ साली मर्क्युरीने ४.५ लिटरचं व्ही-सिक्स आणलं. ते गाडीसाठी नव्हे, बोटीसाठीच आखलेलं होतं.