इन्ग्रिड बर्गमन : पाच भाषांतील एक अभिनेत्री

इंग्रज नट व दिग्दर्शक सर जॉन गिलगुड यांच्या नावावर इन्ग्रिड बर्गमनविषयीचा एक टोमणा सांगितला जातो. ती पाच भाषा बोलते, पण अभिनय मात्र त्यांपैकी एकाही भाषेत तिला साधत नाही, असा त्याचा आशय. गिलगुड यांची जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध होती. आणि १९७३ साली लंडनमध्ये सॉमरसेट मॉम यांच्या ‘द कॉन्स्टंट वाइफ’ या नाटकात तिला दिग्दर्शन करण्यास त्यांनी स्वतः संकोच केला नाही. तेव्हा हा टोमणा निवाडा म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. नटाजवळ देह आणि वाणी ही दोन साधने असतात. देह एका देशातून दुसऱ्या देशात जसाच्या तसा नेता येतो. वाणी नेता येत नाही. स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, इटालियन व फ्रेंच अशा पाच भाषांत काम करणाऱ्या या अभिनेत्रीने वाणीची किंमत कशी आणि कोठे मोजली?

बर्गमनचे चरित्र सामान्यतः तीन विवाह, एक लोकापवाद आणि तीन ऑस्कर पारितोषिके यांच्या आधारे लिहिले जाते. या मांडणीत तिच्या रंगभूमीवरील कामगिरीस चार-दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाही. भाषांच्या क्रमाने तिच्या कारकिर्दीकडे पाहिले, तर मात्र रंगभूमीच मध्यभागी येते. चित्रपटात उच्चार पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करता येतो, प्रसंगी नटीच्या मुखात दुसरीचा आवाजही घालता येतो; रंगमंचावर असा कोणताही आडोसा नसतो.

तिचा जन्म २९ ऑगस्ट १९१५ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील स्वीडिश, छायाचित्रणाच्या व्यवसायातील, आई जर्मन. इन्ग्रिड अवघी दोन-तीन वर्षांची असतानाच आई वारली, आणि पुढे किशोरवयात वडीलही गेले. आईकडच्या नातलगांकडे जर्मनीत तिचे बालपणी जाणे-येणे असे, त्यामुळे जर्मन भाषा कानावर लहानपणापासूनच होती. १९३३ साली तिला स्टॉकहोमच्या रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरच्या अभिनयशाळेत प्रवेश मिळाला. ग्रेटा गार्बो हीदेखील एका तपापूर्वी याच शाळेची विद्यार्थिनी होती.

येथील शिक्षणात वाणीला विशेष महत्त्व असणे स्वाभाविक होते. स्वीडिश भाषेत काही शब्दांचा अर्थभेद केवळ सुरावर अवलंबून असतो. ‘आन्देन’ हा शब्द एका सुरात उच्चारला तर ‘ते बदक’, दुसऱ्या सुरात उच्चारला तर ‘तो आत्मा’. अशा भाषेतील नटाला वाक्याची सुरावली ही भावदर्शनाची केवळ सजावट समजून चालत नाही. बर्गमनने मात्र हे शिक्षण पुरे केले नाही. एका वर्षानंतर शाळा सोडून तिने चित्रसृष्टीत प्रवेश केला. १९३५ च्या ‘मुंकब्रोग्रेवेन’मध्ये एका हलक्याफुलक्या भूमिकेत ती प्रथम ठळकपणे दिसली, आणि पुढील वर्षी गुस्ताफ मोलांडर यांच्या ‘इंटरमेझो’ने ती स्वीडनची अग्रगण्य चित्रपट-अभिनेत्री ठरली. १९३७ मध्ये पेट्टर लिंडस्त्रोम या दंतवैद्याशी तिचा विवाह झाला.

दुसरी भाषा जर्मन. १९३८ साली बर्लिनच्या ऊफा कंपनीसाठी तिने ‘डी फिअर गेझेल्लेन’ या चित्रपटात काम केले. आईची भाषा म्हणून तिला ती परकी नव्हती, पण काळ आणि स्थळ पाहता या निर्णयाचे समर्थन करणे कठीण आहे. राजकारणाकडे आपले लक्षच नव्हते, हे तिने दिलेले स्पष्टीकरण खरे असावे. ते पुरेसे आहे असे म्हणवत नाही. त्या वर्षी तिला पिया ही कन्या झाली, आणि जर्मन चित्रसृष्टीतील अध्याय एका चित्रपटावरच थांबला.

तिसरी भाषा इंग्रजी, आणि तिचा इतिहास सर्वांत विस्तृत. ‘इंटरमेझो’ची इंग्रजी आवृत्ती काढण्यासाठी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी १९३९ मध्ये तिला हॉलिवूडला आणले. तिचे नाव फार जर्मन वाटते, भुवया दाट आहेत, दातांवरही काही उपचार करावेत, अशी बोलणी झाली. तिने तिन्ही गोष्टींस नकार दिला, आणि सेल्झनिक यांनी त्या नकाराचीच जाहिरात केली. या सुपरिचित कथेत एक तपशील मात्र सुटतो. स्वीडिशमध्ये ‘बर्गमन’मधील ग-कार र-कारानंतर य-कारासारखा होतो, आणि ‘इन्ग्रिड’मधील ग-कार अनुनासिकात विरून जातो, म्हणजे तिच्या मूळ नावात कानाला एकही ग-कार ऐकू येत नाही. जगाला माहीत असलेले, दोन ठणठणीत ग-कारांचे नाव अमेरिकेत घडले. लिखित नाव तिने राखले. बोलण्यातले नाव पहिल्याच दिवशी बदलले असले पाहिजे.

उच्चारांसाठी रूथ रॉबर्ट्‌स या शिक्षिकेची नेमणूक झाली, आणि ती पुढे तिची आयुष्यभराची मैत्रीण झाली. हे काम सोपे नव्हते. मराठीतील ‘जाळे’ आणि ‘जग’ या शब्दांत दोन भिन्न ज-कार आहेत. त्यांच्या जवळपासचे इंग्रजीतील दोन्ही ध्वनी स्वीडिशमध्ये नाहीत. पहिल्याच्या जागी स्वीडिश माणूस ‘स’ म्हणतो, दुसऱ्याच्या जागी ‘य’. शिवाय मातृभाषेचा चढता-उतरता सूर वाक्यावाक्यातून डोकावतो. बर्गमनने हे ध्वनी परिश्रमाने साधले, परंतु सूर पुरता गेला नाही. स्टुडिओंनी मग त्याला सामावून घेणाऱ्या भूमिका शोधल्या. ‘कॅसाब्लँका’ (१९४२) मधील इल्सा नॉर्वेची आहे, ‘फॉर हूम द बेल टोल्स’ (१९४३) मधील मारिया स्पेनची, ‘नोटोरियस’ (१९४६) मधील अलिशिया जर्मन पित्याची मुलगी. ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’ (१९४५) मधील जोगीण तर एक स्वीडिश गीतच गाते. जेथे असा आडोसा नव्हता तेथे फट दिसते. ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ (१९४१) मध्ये सात्त्विक नायिकेची भूमिका तिला देऊ केली असता तिने हट्टाने लंडनच्या मद्यगृहातील आयव्हीची भूमिका मागून घेतली. आयव्हीचे भय आणि लाचारी मनाला भिडते. तिची लंडनची बोली मात्र कोणत्याही गल्लीतील वाटत नाही.

याच काळात ती रंगभूमीवर उभी राहिली, ही गोष्ट तिच्या धैर्याची द्योतक होय. अमेरिकेत येऊन एक वर्षही झाले नसताना, १९४० च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोलनार यांच्या ‘लिलिओम’मध्ये तिने ज्यूलीची भूमिका केली. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात ओनील यांचे ‘ॲना क्रिस्टी’ केले. यातील नायिका स्वीडिश खलाशाची मुलगी आहे. १९४६ च्या नोव्हेंबरात मॅक्सवेल अँडरसन यांचे ‘जोन ऑफ लोरेन’ न्यूयॉर्कला लागले. या नाटकासाठी १९४७ मध्ये, टोनी पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, तिला हेलन हेज यांच्यासमवेत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. ‘गॅसलाइट’ (१९४४) साठी ऑस्कर त्यापूर्वीच मिळाले होते. न्यूयॉर्कपूर्वीचे प्रयोग वॉशिंग्टन येथे एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात झाले. तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही हे तिला तेथे पोहोचल्यावर समजले, आणि हे आधी ठाऊक असते तर आपण करारावर सहीच केली नसती, असे तिने पत्रकारांना उघडपणे सांगितले. परकीय उच्चाराच्या नटीने यजमान देशाच्या राजधानीत असे बोलण्यास त्या काळी काय लागत होते, हे वेगळे सांगावयास नको.

१९४८ च्या वसंतात तिने रोबेर्तो रोस्सेलिनी यांना लिहिलेले पत्र चित्रपटाच्या इतिहासात गाजलेले आहे. ‘रोम, ओपन सिटी’ पाहून भारावलेल्या बर्गमनने आपली सेवा देऊ केली ती भाषांचा हिशेब मांडून : स्वीडिश येते, इंग्रजी उत्तम येते, जर्मन अद्याप विसरलेले नाही, फ्रेंच फारसे समजण्याजोगे नाही, आणि इटालियनमध्ये प्रेम व्यक्त करणारे दोनच शब्द ठाऊक आहेत. चरित्रकारांनी या शेवटच्या दोन शब्दांवर पानेच्या पाने लिहिली. पत्राचा उरलेला भाग म्हणजे परदेशी काम मागणाऱ्या कारागिराने दिलेली आपल्या हत्यारांची यादी आहे, आणि तसाच तो वाचावा.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. १९४९ च्या मार्चमध्ये तिने अमेरिका सोडली. लिंडस्त्रोम यांच्याशी विवाहसंबंध कायम असतानाच रोस्सेलिनींपासून तिला २ फेब्रुवारी १९५० रोजी मुलगा झाला. १४ मार्च रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये कोलोरॅडोचे सदस्य एड्विन जॉन्सन यांनी तिची अनीतीचे प्रभावी केंद्र म्हणून निर्भर्त्सना केली. (१९७२ मध्ये चार्ल्स पर्सी या सिनेटरांनी त्याच सभागृहाच्या कामकाजात क्षमायाचना नोंदविली.) मे १९५० मध्ये रोस्सेलिनींशी विवाह झाला, १९५२ मध्ये जुळ्या मुली झाल्या. पहिल्या मुलीची भेट मात्र अनेक वर्षे दुर्मीळच राहिली.

या विवाहातील चित्रपट त्या वेळी अयशस्वी ठरले. आज ‘व्हिआज्जो इन इतालिया’ (१९५४) हा आधुनिक चित्रपटाच्या आरंभीच्या कृतींत गणला जातो. ‘स्ट्रॉम्बोली’ (१९५०) मध्ये तर परभाषिकत्व हाच कथेचा गाभा आहे. छावणीतून सुटण्यासाठी कोळ्याशी लग्न केलेली लिथुएनियन करिन ज्वालामुखीच्या बेटावर येते, आणि तिचे बोलणे समजणारे तेथे फार थोडे असतात. हॉलिवूडने जो सूर आडोशाला ठेवला होता, तो येथे उघड्यावर आला. तथापि इटलीतील प्रथेप्रमाणे आवाज मागाहून भरले जात, आणि इटालियन प्रतींत बहुतेक ठिकाणी बर्गमनच्या मुखातून दुसऱ्याच अभिनेत्रीचा आवाज येतो. ‘व्हिआज्जो’चे चित्रण इंग्रजीत झालेले असल्याने इटालियन प्रेक्षकांनी पाहिलेली बर्गमन अर्धीच बर्गमन होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तिचा संपूर्ण आवाज इटलीला ऐकू आला तो रंगमंचावर. ऑनेगेर यांनी संगीतबद्ध केलेल्या आणि पॉल क्लोदेल यांनी लिहिलेल्या ‘जान दार्क ओ ब्युशे’ या संगीतकृतीत जोनची भूमिका गायनाची नसून बोलण्याची आहे. वाद्यवृंदाच्या तालात शब्द अचूक पडावा लागतो. रोस्सेलिनींच्या दिग्दर्शनाखाली १९५३ च्या डिसेंबरात नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात तिने ती इटालियनमध्ये केली, नंतर पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये, लंडनमध्ये इंग्रजीत, आणि १९५५ मध्ये स्टॉकहोमला स्वीडिशमध्ये. एकच भूमिका चार भाषांच्या चार लयींत बसविणे ही गोष्ट कोणत्याही काळात विरळच. आणि या चौघींत तिला सर्वांत जास्त लागले ते मातृभाषेतच. स्वीडिश वृत्तपत्रांतील टीका इतकी बोचरी होती की त्यात कलेची समीक्षा किती आणि देश सोडून गेलेल्या मुलीवरचा राग किती, हे वेगळे काढता येत नाही.

पाचवी भाषा फ्रेंच. १९५६ मध्ये झाँ रन्वार यांच्या ‘एलेना ए लेझ ओम’चे चित्रण फ्रेंच व इंग्रजी अशा दोन भाषांत झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती पॅरिसच्या रंगमंचावर ‘टी अँड सिम्पथी’ या अमेरिकन नाटकाच्या फ्रेंच रूपांतरात उभी राहिली. नेमक्या याच महिन्यात रोस्सेलिनी भारताकडे निघाले. मुंबईत मुक्काम ठेवून त्यांनी जे चित्रण केले त्यातून १९५९ चा ‘इंडिया : मातृभूमी’ हा चित्रपट तयार झाला. विवाह त्या प्रवासानंतर टिकला नाही. इकडे पॅरिसने तिच्या उच्चाराला क्षमा केली. नाटक चांगले चालले. १९६२ मध्ये तिने इब्सेनची ‘हेड्डा गाब्लर’ही तेथे फ्रेंचमध्येच केली. दरम्यान ‘अनास्ताशिया’ (१९५६) साठी दुसरे ऑस्कर मिळून अमेरिकेचे दार पुन्हा उघडले होते, आणि १९५८ अखेर लार्स श्मिट या स्वीडिश नाट्यनिर्मात्याशी विवाह होऊन घरात पुन्हा स्वीडिश बोलली जाऊ लागली.

पुढील दोन दशकांतील इंग्रजी नाटके (तुर्गेनेव्ह, शॉ, ओनील, मॉम) व्यावसायिक दृष्ट्या बहुधा यशस्वी झाली. त्यांत नवे काही सिद्ध व्हावयाचे नव्हते. अपवाद एका चित्रपटाचा. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९७४) साठी तिला वृद्ध राजकन्येची भूमिका देऊ केली होती. तिने मागितली ती ग्रेटा ओल्सन या भाबड्या स्वीडिश मिशनरी बाईची. पाचएक मिनिटांच्या एकाच अखंड दृश्यात ग्रेटा मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली साक्ष देते. पस्तीस वर्षे ज्या खुणा पुसण्यात गेली, त्याच बर्गमनने येथे एकेक करून मुद्दाम परत आणल्या, आणि या दृश्याने तिला तिसरे ऑस्कर मिळवून दिले. परीक्षकांना त्यातील विनोद कळला होता की नाही, कोण जाणे.

त्याच वर्षी तिला कर्करोग झाल्याचे निदान झाले. १९७७ च्या शरद ऋतूत, आजारपणातच, तिने नॉर्वेमध्ये इंगमार बर्गमन यांच्या ‘ऑटम सोनाटा’चे काम केले. १९४० नंतर पूर्ण लांबीच्या स्वीडिश चित्रपटात ती प्रथमच येत होती. भूमिका होती कीर्तीसाठी मुलीला दुरावलेल्या पियानोवादिकेची. दिग्दर्शकाने पुढे आत्मचरित्रात नोंदविले आहे, की पहिल्या वाचनालाच ती सर्व संवाद आरशासमोर घोटून, स्वर आणि हावभाव ठरवून आली होती, आणि ती पद्धत त्यांना जुन्या जमान्यातील वाटली. भाषाशास्त्राला हे नवे नाही : देश सोडलेल्या माणसाची मातृभाषा बहुधा तो निघाला त्या वर्षापाशी थांबते, मागे राहिलेल्यांची पुढे जाते. दोघांत खटके उडाले. चित्रपटात मुलीच्या आरोपांपुढे शार्लोट प्रथम सफाईदार, घोटीव वाक्यांनी उत्तरे देते. रात्र सरते तशी ती वाक्ये तुटतात. हा जुना, नाटकी सूर आणि त्याचे तुटणे भूमिकेला इतके अनुरूप ठरले, की दिग्दर्शकाची तक्रार आणि चित्रपटाचे यश यांचा उगम एकच असावा असे वाटते. स्वीडिश भाषेतील या भूमिकेसाठी तिला अमेरिकेत ऑस्करचे नामांकन मिळाले.

१९८२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी तिने गोल्डा मेयर यांची भूमिका केली. २९ ऑगस्ट १९८२ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये तिचे निधन झाले. रक्षेचा बराचसा भाग स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्येलबाका गावाजवळच्या समुद्रात सोडण्यात आला. उरलेला स्टॉकहोमच्या उत्तरेकडील दफनभूमीत, आईवडिलांशेजारी.