हवेचा विरोध आणि प्रयोगशिक्षण

नवघरच्या रहिवाशांस वाऱ्याची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. भाईंदरच्या खाडीकांठचीं मिठागरें ऊन व वारा यांच्याच बळावर पिकत आलीं. परंतु वारा अंगास लागणें वेगळें, आणि पडत्या वस्तूस हवा अडविते हें स्वतः पडताळून पाहणें वेगळें. हा पडताळा शाळेंत कसा आला, याचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

जड वस्तु लवकर पडते, हें अरिस्टॉटलचें मत शतकानुशतकें प्रमाण मानलें गेलें. गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत त्याचें खंडन केलें. पुढें २ ऑगस्ट १९७१ रोजीं अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनीं चंद्रावर हातोडा व ससाण्याचें पीस एकदम सोडिलें. तेथें हवा नसल्यामुळें दोन्हीं बरोबरच खालीं आलीं.

वर्गांत याहून सोपा उपाय आहे. सारखे दोन कागद घ्यावे, एकाचा गोळा करावा, आणि खिडक्या लावून दोन्ही एकाच उंचीवरून सोडावे. गोळा आधीं पडतो. वजन तर दोहोंचें सारखेंच. तेव्हां हवेस भिडणाऱ्या पृष्ठभागाकडे मुलाचें लक्ष आपोआप वळतें. मग नाण्याहून किंचित् लहान अशी कागदाची चकती नाण्यावर ठेवून तें आडवें सोडावें. चकती नाण्याबरोबरच उतरते, कारण तिच्या वाटेंतील हवा नाण्यानें आधींच दूर सारलेली असते.

हातांनीं शिकण्याच्या याच तत्त्वावर १९७२ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणास आरंभ झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्यास हातभार लाविला. त्याच संस्थेनें १९७४ सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिलें. पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ सालीं रजा घेऊन होशंगाबादेस गेले. पुढें पुण्यांतील ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रांत त्यांनीं टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून मुलांस शास्त्राची गोडी लाविली.

होशंगाबादेंत परीक्षेच्या वेळीं पुस्तक उघडण्याची मुभा असे. प्रयोग मात्र करून दाखवावा लागे. असा हा उपक्रम २००२ सालीं तेथील शासनानें बंद केला. पाठांतरास गुण देणें सोयीचें असतें. मुलाच्या शंकेस गुण देणें कठीण. म्हणूनच असे उपक्रम टिकविणें हें केवळ शासनाचें काम नसून समाजाचेंही आहे, असें आम्ही समजतों.

तथापि कागद चुरगाळण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. नवघरच्या कोणत्याही वर्गांत शिक्षकानें उत्तर सांगण्यापूर्वीं मुलांस अंदाज करूं द्यावा, आणि तो चुकला तर पडत्या कागदाकडूनच दुरुस्त होऊं द्यावा. एवढा धीर धरिला तरी पुष्कळ साधेल.