न पाहिलेली मावशी

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात मी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची हकिकत सांगत होतो. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्या उतरल्या आणि कार्पेंटरबाई त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या, इथपर्यंत आलो, तोच मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, त्या बाईला तिने आधी पाहिले होते का?" मी म्हटले, "नाही. नुसता पत्रव्यवहार होता." मुलगी जरा गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग ती एकटी गेली कशी? तुम्ही तर आम्हांला सांगता, की फोनवर ओळख झालेल्या माणसावर विश्वास ठेवू नका."

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचलो. पण प्रश्न काही गेला नाही. आनंदीबाईंची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली, तिच्यावरून नाटक झाले, २०१९ साली चित्रपट आला. आणि या सगळ्यांतून आपण एकच वाद घालत बसलो : श्रेय आनंदीबाईंचे की गोपाळरावांचे? अमेरिकेतल्या त्या तिसऱ्या माणसाकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. माझेही गेले नव्हते.

गोपाळराव टपालखात्यात कारकून. १८७८ साली कोल्हापुरास असताना त्यांनी तिथल्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र घातले. आपल्याला पत्नीला शिकवायचे आहे, अमेरिकेत आपल्याला काही नोकरी मिळण्यासारखी आहे का, असा त्याचा आशय. हे पत्र प्रिन्स्टन येथे वाइल्डर नावाच्या गृहस्थांकडे गेले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच अनेक वर्षे मिशनचे काम करून गेलेले. आता ते तिकडे 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचे मासिक चालवीत. त्यांनी १८७९ च्या जानेवारीत ते पत्र छापले आणि खाली आपले उत्तरही छापले. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ताला शरण या, मग पाहू. गोपाळरावांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. मिशनऱ्याने मदतीला अट घातली होती, आणि ती अट मान्य होण्याजोगी नव्हती.

इथून पुढचे मी कादंबरीत लिहिले असते, तर संपादकांनी ते पान परत पाठवले असते. 'योगायोगाचा अतिरेक' असा शेराही मारला असता. न्यू जर्सी संस्थानातल्या रोझेल गावची एक गृहिणी, थिओडिशिया कार्पेंटर, १८८० साली दंतवैद्याकडे गेली. तिथे पाळी येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून तिने समोर पडलेले जुने मासिक उचलले. वर्षभरापूर्वीचा अंक! दंतवैद्याच्या टेबलावरचे अंक शिळे असतात हा अनुभव सार्वत्रिक दिसतो. त्या शिळ्या अंकात तिने कोल्हापूरच्या कारकुनाचे पत्र वाचले, आणि त्याखालचे उत्तरही वाचले. ते अंक वाचणारे हजारो वर्गणीदार असतील. त्यांतल्या एकीला वाटले, की या मुलीला आपण पत्र लिहावे. तिने लिहिले, आणि त्यात अट कसलीच नव्हती.

मुलगी म्हणायचे, पण त्या मुलीचे आयुष्य आधीच पुष्कळ होऊन गेले होते. १८६५ चा जन्म, कल्याणच्या जोश्यांची यमुना. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल. आणि ते दहा दिवसांत गेले. बाळंतिणीला आणि बाळाला पाहायला बाई डॉक्टर असती तर, हा विचार तिच्या मनात तिथून रुजला. नवरा शिकवीत होता. त्याचा आग्रह वेळप्रसंगी जाचाच्या पलीकडे जाई, हेही आता लपून राहिलेले नाही. बदल्यांच्या मागे गावे बदलत होती. मनातले बोलावे असे माणूस आसपास नव्हते. अशा वेळी सातासमुद्रांपलीकडून एक लिफाफा आला.

पुढची तीन वर्षे ही पत्रे चालली. आगबोटीची टपाल, आज विचारावे आणि उत्तर येईपर्यंत ऋतू पालटावा. त्यामुळे 'कशी आहेस, बरी आहे' यावर कुणी कागद वाया घालवीत नसे. आनंदीबाई इंग्रजीतून लिहीत. आपल्याकडची लग्ने, चालीरीती, धर्म, पोशाख, बायकांची दुखणी, बालविवाहाने बायकांच्या प्रकृतीवर काय होते, यांवर दोघींचे बोलणे चाले. बायका ज्या गोष्टी सख्ख्या जावेशीही बोलत नसत, त्या ही विशीही न गाठलेली मुलगी परदेशी बाईला लिहीत होती. कलकत्त्याच्या बाजूला बदली झाल्यावर आनंदीबाईंची प्रकृती ढासळली; डोकेदुखी, ताप, थकवा सुरू झाला, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही, पण आपल्या दुखण्याची काळजी करणारे कुणी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे कळणे कमी नव्हते.

पत्रात आनंदीबाई त्यांना ज्या नात्याने हाक मारीत, त्याला इंग्रजीत एकच शब्द आहे. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांचे काम इंग्रज त्यावरच भागवतो. मराठी लेखकांनी त्यातून 'मावशी' निवडली. मला ही निवड फार आवडते. आत्या-काकूचे नाते मानपानाचे. 'माय मरो आणि मावशी जगो' हे आपण मावशीबद्दलच म्हणतो.

आणि मुख्य म्हणजे दोघींचा स्वभाव. त्या धर्माने, वयाने, संसाराने अगदी वेगळ्या होत्या. पण आपले न सोडता दुसऱ्याचे समजून घ्यावे, ही रीत दोघींची एकच. पुढे आनंदीबाई अमेरिकेत राहिल्या, तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही, आपला पोशाख सोडला नाही, धर्मही सोडला नाही; आणि मावशीने त्यांना तो सोडायला लावला नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. लोकांनी विचारलेल्या, न विचारलेल्या शंका त्यांनी स्वतःच एकेक करून मांडल्या. त्यांत आमच्या आठवीतल्या मुलीचा प्रश्नही होता : एकटी का जाते? उत्तर सरळ होते. दोघांनी जायचे ठरले होते, पण तेवढा पैसा नाही. शिवाय पतीवर आईवडील आणि भाऊ अवलंबून आहेत. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही त्यांनी बजावले. त्या कुणाच्या भरवशावर निघाल्या होत्या, ते मात्र घरात ठाऊकच होते. कार्पेंटरबाईंनी राहण्याची सोय आपल्याकडे करण्याचे कळवले होते.

७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. सोबतीला मिशनरी बायका होत्या. नात्यागोत्याचे कुणीही नव्हते. ४ जूनला न्यूयॉर्क आले. धक्क्यावर मावशी उभी होती. एवढ्या गर्दीतून हिंदू पोशाखातली अठरा वर्षांची मुलगी शोधायला तिला फार वेळ लागला नसेल! मग तो उन्हाळा रोझेलच्या घरात गेला. पत्रातून ओळखीचे झालेले माणूस प्रत्यक्षात वेगळे निघते, असा आपला अनुभव. इथे तसे झाल्याचे दिसत नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला, तरी सुट्टीतले आणि दुखण्यातले घर रोझेलचेच राहिले.

त्या कॉलेजातला एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५ ची तारीख. आनंदीबाई साडीत, जपानच्या केइ ओकामी किमोनोत आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली आपल्या देशीच्या पोशाखात. तिघींच्या चेहऱ्यांवर एकच गंभीर निर्धार आहे. तीन देशांच्या तीन बहिणी म्हणून कुणी दाखवल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूकही झाली होती. पण क्षयाने शरीर पोखरले होते. ऑक्टोबरात न्यूयॉर्क सोडले, नोव्हेंबरात मुंबई गाठली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पुरे नव्हते. कोल्हापूरच्या त्या इस्पितळात एकही रोगी त्यांना तपासता आला नाही.

त्यानंतर गोपाळरावांनी जे केले, त्याबद्दल मी त्यांच्या पुष्कळ गोष्टी विसरायला तयार आहे. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनी अमेरिकेला मावशीकडे पाठवल्या. थिओडिशिया कार्पेंटरने न्यूयॉर्क संस्थानातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत, त्या ठेवल्या आणि वर दगड बसवला. त्यावर नाव कोरले आहे, नावापुढे एम.डी. ही पदवी, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ आहे. आजूबाजूला मावशीच्या घराण्यातली माणसे आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला एवढे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे मावशीनेही विश्वास ठेवला होता." या बाजूने मी विचारच केला नव्हता.